कोजागिरीच्या आधीचा रविवार

विश्रांतवाडीच्या चौकात रोज सकाळी मान वर करून आभाळाकडे बघत उभा राहणारा माणूस एक तर वेडा असावा, नाही तर वैमानिकाचा बाप. श्यामराव मेश्राम दोन्हींपैकी कुणी नव्हते. चिंचवडच्या एका कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं घालवलेले ते एक फिटर. दुधाची पिशवी हातात धरून ते एवढंच बघत, की आज विमान कुठल्या बाजूने उतरतंय.

लोहगावचा विमानतळ तिथून जवळच. पावसाळाभर वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा विमानं विश्रांतवाडीवरून वर चढतात. पाऊस सरत आला आणि वारा फिरला, की तीच विमानं डोक्यावरून खाली उतरू लागतात. सगळी वस्ती कानांवर हात ठेवून त्या आवाजाला शिव्या घालायची. श्यामरावांचा चेहरा मात्र तिसरी घंटा ऐकलेल्या प्रेक्षकासारखा खुलायचा. घरात शिरता शिरताच ते बायकोला सांगायचे, "हिरा, वारा फिरला. आता नदी निवळणार."

गळ टाकून मासे धरणारे पुण्यात पुष्कळ होते. सुट्टीच्या दिवशी कुठल्याही बंधाऱ्याखाली आठ-दहा काठ्या दिसायच्या. पण नाटक बसवावं तशी मासेमारीची सहल बसवणारा माणूस हा एकच. कुठली नदी, कुठला डोह, ऊन कुठल्या अंगाने येणार, आमिष कसलं, डब्यात काय, परतायचं कधी, सगळं त्यांच्या डोक्यात आधी घडून गेलेलं असायचं. बाकीचे नदीवर जायचे आणि मासा येतो का ते पाहायचे. श्यामराव मासा कधी येणार ते पाहून नदीवर जायचे.

ते मूळचे भंडाऱ्याकडचे, वैनगंगेच्या काठचे. चालायला शिकले तेव्हापासून पाय पाण्यात. तिथली अक्कल त्यांनी इथे आणली, पण जशीच्या तशी वापरली नाही. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांचा स्वभाव वेगळा, हे त्यांनी पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच ताडलं. मुळा लवकर चिडते आणि लवकर निवळते. भीमा सावकाश रागावते, पण मग महिनाभर बोलत नाही. इंद्रायणीला माणसांची सवय, म्हणून तिथला मासा धीट आणि आळशी. नद्यांबद्दल ते असे बोलायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, चार सुनांच्या घरातला सासरा बोलतोय.

ऋतूंचे त्यांचे ठोकताळे ठरलेले. मार्गशीर्षात मासा तळाशी जाऊन बसतो, तेव्हा पहाटे उठून मर्दुमकी गाजवण्यात अर्थ नाही. ऊन चांगलं तापू द्यावं, पोटभर न्याहरी करावी आणि मग जावं. चैत्रात डोह आटतात, तेव्हा उलटं, पहिल्या उजेडात गळ पाण्यात हवा. आणि चंद्र? चंद्रावर तर त्यांची सगळी भिस्त. "पौर्णिमेला मासा रात्रभर चरतो," ते सांगायचे. "सकाळी त्याच्यापुढे गांडूळ धरणं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या माणसाला उप्पीट विचारणं. अमावास्येच्या आसपास जा. रात्रभर अंधारात चाचपडलेला मासा उजाडताच भुकेने वेडा होतो."

पौर्णिमेला न जाण्याचं आणखी एक कारण घरातच होतं. हिराबाई दर पौर्णिमेला उपोसथ पाळायच्या, पांढरी साडी नेसून विहारात जायच्या. त्या दिवशी घरात मासळी नाही, मटण नाही. "चंद्राचं आणि तिचं आधीच ठरलेलं असतं," श्यामराव म्हणायचे, "मी फक्त मान हलवतो."

पण खरा नियम पौर्णिमेपुरता नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढात श्यामरावांनी हाताएवढी लांब मरळ आणली होती. हिराबाई चिरायला बसल्या आणि पोटात अंडीच अंडी निघाली. त्यांनी विळी आडवी केली. वर्षावास सुरू झाला होता. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू एका जागी राहतात, पावसात उगवलेलं गवत आणि किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून. विहारात भन्तेजींनी आदल्याच दिवशी ते समजावलं होतं.

"ते पाऊलसुद्धा जपून टाकतात," हिराबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही गळ टाकता. काहून जी? हे तीन महिने पाणी माशांचं आहे."

नवी नवरी, पहिलं मागणं. श्यामरावांनी शब्द दिला: आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, आपला गळ पाण्याला शिवणार नाही. त्या दिवसापासून दर आषाढात गळांची पत्र्याची पेटी माळ्यावर जायची आणि आश्विन पौर्णिमा झाली, की खाली यायची.

आता या नाटकात दुसऱ्या पात्राचा प्रवेश. श्रीनिवास लिमये, मुक्काम सदाशिव पेठ, त्याच कारखान्यात स्टोअरकीपर. पांढऱ्या टोपीसारखा कडक माणूस. हसला तरी ते पावती फाडून दिल्यासारखं हसायचा. कॅन्टीनमध्ये एकदा कुठेच जागा नव्हती म्हणून तो श्यामरावांच्या समोर बसला. श्यामरावांच्या डब्यात तळलेली मरळ होती.

"काटे टोचत नाहीत?" लिमयांनी विचारलं.

"खाऊन बघा."

"मी शाकाहारी आहे. चौकशी करतोय, मागणी नव्हे."

"मग धरायला या. धरायला कुठे खावं लागतं?"

आणि आश्चर्य म्हणजे लिमये गेले. एका रविवारी मुळेवर, हिंजवडीच्या मागच्या अंगाला, जिथे तेव्हा ज्वारीची शेतं आणि बाभळी होत्या. श्यामरावांनी त्यांच्या हातात काठी दिली, गळाला आमिष लावून दिलं आणि दोर पाण्यात सोडला. बऱ्याच वेळाने एका लहानशा माशाने असा काही हिसका दिला, की लिमयांची चष्म्यामागची बुबुळं मोठी झाली. त्या हिसक्यासाठी हा माणूस पुढे सगळी नोकरी आणि नोकरीनंतरही नदीवर येत राहिला. मासा हाताला लागला, की गळ काढायला श्यामरावांकडे द्यायचा आणि म्हणायचा, "सोडून द्या. भेट झाली."

लिमये आमिषाला कधी हात लावायचे नाहीत. गांडूळ असो की कणकेची गोळी, ते श्यामरावांनीच लावायचं, लिमयांनी तोंड फिरवून उभं राहायचं, ही रीतच पडून गेली होती. मात्र गोळीत त्यांचा एक वाटा असायचा. कणीक, भाजलेलं बेसन आणि हिंग. हा हिंग लिमयांच्या घरचा. खडा आणून कुटलेला, छोट्या पितळी डबीतला. लिमयांच्या पत्नीने पहिल्यांदा तो दिला, त्या गेल्यावर लिमये स्वतः कुटू लागले. "दुकानातल्या हिंगात पीठ असतं," ते म्हणायचे. "माशाला समजत नसेल, पण आपण फसवू नये."

खडशी नावाचा एक मासा आहे, बाहेरचे त्याला महाशीर म्हणतात. अंगावर रुपयाएवढे खवले, आणि ताकद अशी, की दोर हातातून काढून घेईल. एका हिवाळ्यात लिमयांच्या गळाला खडशी लागली, काठी कमानीसारखी वाकली आणि दोर तटकन तुटला. लिमये कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ओंडका असणार." त्यानंतर दर हंगामात ते न चुकता विचारायचे, "यंदा तो ओंडका भेटेल का हो मेश्राम?"

दोघांचा हंगाम एकाच दिवशी उघडायचा. कोजागिरी झाली, की पहिला रविवार. सदाशिव पेठेत लिमये गच्चीवर आटीव दूध पिऊन कोजागिरी साजरी करायचे. विश्रांतवाडीत त्याच पौर्णिमेला हिराबाईंचा वर्षावास संपायचा. पौर्णिमा एकच, तिच्याकडे यायच्या वाटा दोन, आणि नंतरचा रविवार दोघांचा मिळून एक.

मधल्या काळात जग बदललं. कारखान्यात नव्या यंत्रांबरोबर स्वेच्छानिवृत्तीचं पत्रक आलं. लिमये म्हणाले, "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आपली." दोघेही एकाच दुपारी हार घालून घरी आले. नदीकाठच्या ज्वारीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. जिथे लिमयांना पहिला हिसका मिळाला होता, तिथे नदीला साबणासारखा फेस येऊ लागला. आणि श्यामरावांची लेक उत्कर्षा त्याच काचेच्या इमारतींपैकी एकीत संगणकावर काम करू लागली. कंपनीच्या बसने जाताना तिला तो डोह दिसायचा. घरी येऊन ती तक्रार करायची, तर श्यामराव म्हणायचे, "अगं, त्या इमारतीने तुला पगार दिला. डोह काय, आपण वर सरकू. नदी लांब असते." आणि खरंच ते वर सरकत गेले. दर वर्षी फेस जिथे संपेल, तिथून थोडं पुढे.

लिमयांचा मुलगाही संगणकवाला. तो अमेरिकेत गेला, तिथेच त्याने घर घेतलं आणि वडिलांना कायमचं न्यायचं ठरवलं. लिमयांनी वर्षभर टाळाटाळ केली. गुडघे दुखतात, दात काढायचे आहेत, रद्दी द्यायची राहिली आहे. शेवटी फोनवर कबूल झाले. अट एकच: "कोजागिरी होऊ दे. नंतरच्या रविवारी मला काम आहे. त्यानंतर कुठलंही विमान बघ."

मुलगा गुणी. त्याने लगेच तिकीट काढलं. फक्त कोजागिरी कधी आहे, ते त्याने गेल्या वर्षीच्या आठवणीवर ठरवलं. आणि त्या वर्षी होता अधिक श्रावण. सगळे सण महिन्याच्या आसपास पुढे गेलेले.

लिमये तिकिटाचा कागद घेऊन विश्रांतवाडीला आले, तेव्हा श्यामराव अंगणात काठ्यांना तेल लावत होते.

"हे बघा," लिमये म्हणाले. "चिरंजीवांनी मला सर्वपित्री अमावास्येला विमानात बसवलंय. आमच्या घराण्यात त्या दिवशी पितरांना निरोप देतात, तेव्हा तिथी अगदीच चुकलेली नाही."

श्यामरावांनी दारातून आतल्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "म्हणजे कोजागिरीच्या आधीच?"

"पंधरा दिवस आधी."

"तारीख बदलून मिळत नाही?"

"मिळत नाही. विचारलं. मुलाने संगणकावर जगातलं सगळं पाहिलं, एक कॅलेंडर तेवढं राहिलं." लिमये खुर्चीवर बसले. तिकिटाच्या कागदाची घडी घातली. मग काठ्यांकडे न बघता म्हणाले, "असो. राहिला तो रविवार."

'असो' हा सदाशिव पेठेतला रडण्याचा शब्द आहे. श्यामरावांना तो चांगला समजत होता.

त्या दिवसापासून श्यामरावांना चैन पडेना. सत्तरीला आलेला, गुडघे गेलेला माणूस. एकदा समुद्रापार गेला, की पुन्हा मुळेच्या काठी कशाला येतोय? शेवटची भेट नदीशी व्हायला हवी, आणि ती कोजागिरीच्या आधी व्हायला हवी. पण कोजागिरीच्या आधी गळ पाण्याला शिवायचा नाही, असा शब्द दिलेला. आजवर एकदाही न मोडलेला.

त्यांनी हिराबाईंपुढे विषय काढला. हिराबाई विहारातून ग्रंथवाचन ऐकून आल्या होत्या, भाजी निवडत होत्या.

"लिमयांचं असं झालंय," श्यामराव म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

हिराबाईंना वाईट वाटलं. लिमयांना त्या दादा म्हणायच्या. "शब्द तुम्ही मले दिला," त्या म्हणाल्या. "मी म्हणलं, जा, माफ आहे, तर जाल का?"

श्यामराव विचारात पडले. खोटं बोलायची सोय नव्हती. समोर बसलेली बाई त्यांना आतून-बाहेरून ओळखत होती. "नाही जायचो," ते म्हणाले. "शब्द तुला दिला, पण पाणी माशांचं आहे. त्यांना कोण विचारणार?"

"मग मले काय विचारता?" असं म्हणून हिराबाईंनी मेथीची जुडी त्यांच्यापुढे सरकवली. "निवडा. हात चालला की डोकं चालतं."

मेथी निवडता निवडता श्यामरावांना वैनगंगेचा काठ आठवला. तिथली पोरं गळ विकत घ्यायची नाहीत, कारण गळाला पैसे पडायचे. नुसत्या दोऱ्याच्या टोकाला आमिष बांधायचं आणि खडकाच्या कपारीत सोडायचं. खेकडा ते घट्ट धरायचा, सापासारखी वाम गिळू बघायची, आणि दोऱ्यातून हातापर्यंत असा झटका यायचा, की पोरं किंचाळायची. मासा कधी वर यायचा, बहुतेक वेळा गोळी खाऊन पसार व्हायचा. पण झटका खरा.

लिमये मासा खात नाहीत. लिमयांना मासा नकोच असतो. लिमयांना हवा असतो तो हिसका.

श्यामराव उठलेच. जुडी अर्धी तशीच राहिली.

पण ठरवणं वेगळं आणि बसवणं वेगळं. वेळ हस्त नक्षत्राची. हत्तीचा पाऊस दुपारनंतर कधी सोंड उचलेल, नेम नाही. विमानं अजून डोक्यावरून चढतच होती. नद्या चहाच्या रंगाच्या. गढूळ पाण्यात माशाला गोळी दिसणार कशी? चंद्र मात्र या एका खेपेला बाजूने होता. सर्वपित्रीच्या आधीचा रविवार, म्हणजे काळोख्या रात्रींचा शेवट. मासा भुकेला असणार. त्याला जेवण दिसेल असं ताट शोधायचं होतं.

आठवडाभर श्यामराव लूना घेऊन नदीकाठ धुंडाळत होते. जवळ फुटक्या बशीचा एक पांढरा तुकडा, त्याला दोरी. तो पाण्यात सोडायचा आणि दिसेनासा होईपर्यंत किती खोल जातो ते हाताने मोजायचं. इंद्रायणीत वीतभर खोल दिसला. पवनेत बोटभरही नाही. भीमेकडे जायचं कारणच नव्हतं, ती अजून रागात होती. हिराबाई रोज संध्याकाळी त्यांची चिखलाने माखलेली विजार धुवायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. लूना एकदा कासारसाईच्या उतारावर बंद पडली, तेव्हा त्यांनी ती कितीतरी लांब ढकलत आणली, आणि वाटेत ज्या ज्या ओढ्यावर पूल होता त्या त्या पुलावर थांबून बशी सोडून पाहिली.

शेवटी पौडच्या पुढे जागा सापडली. तिथे डोंगरातून एक ओढा मुळेला मिळतो. नदी तांबडी, ओढा मात्र खडकांवरून गाळून आलेला, निवळ. दोन्ही पाणी लगेच मिसळत नाहीत. बरंच अंतर शेजारी शेजारी चालतात, मध्ये शिवण घातल्यासारखी रेघ. बशीचा तुकडा त्या रेघेच्या अलीकडे सोडला, तर कोपरभर खोल दिसत राहिला. गढुळातला मासा चरायला अशाच रेघेवर येऊन उभा राहतो, विंगेत उभ्या राहिलेल्या नटासारखा. अर्धा अंधारात, अर्धा उजेडात.

शनिवारी उत्कर्षाने संगणकावरून ढगांचं चित्र छापून आणलं. "बाबा, मॉर्निंग क्लिअर आहे. पण आफ्टरनूनला थंडरशॉवर्स दाखवतायत. तुम्ही लूनावर नाही जायचं हं, मी कार काढते."

"हस्तही तेच म्हणतोय," श्यामराव म्हणाले. "दोघांचं एकमत झालंय म्हणजे पाऊस येणारच. जेवणाआधी आटपू."

रविवारी उजाडताना उत्कर्षाची गाडी सदाशिव पेठेत शिरली. लिमये पायरीवर उभेच होते, डोक्याला कानटोपी, हातात पितळी डबी.

"मला कशाला नेताय?" गाडीत बसत ते म्हणाले. "तुमचा वर्षावास आहे. मला ठाऊक आहे. वहिनींना दिलेला शब्द मोडून मला मासा नको."

"नुसती नदी बघायला जाऊ."

"मग काठ्या कशाला?"

"सवय."

लिमये हुं म्हणाले आणि काचेबाहेर बघू लागले. शहरातले सुट्टीचे रिकामे रस्ते मागे पडले. पौडच्या पुढे हवा बदलली. भात पोटरीला आलं होतं.

ओढ्यावर पोहोचल्यावर श्यामरावांनी आपल्या मित्राला सपाट खडकावर गोधडी घालून बसवलं, जेणेकरून गुडघा वाकवावा लागू नये. ऊन मागून येईल अशी जागा त्यांनी आधीच हेरून ठेवली होती. मग कणीक, बेसन, डबीतला चिमूटभर हिंग; गोळी मळली. लिमयांनी सवयीप्रमाणे तोंड फिरवलं. श्यामरावांनी दोराच्या टोकाला गोळी सुताने बांधली, दोर रेघेवर सोडला आणि काठी लिमयांच्या हातात दिली.

"काठी धरली तर हरकत नाही ना वहिनींची?"

"काठीबद्दल शब्द दिलेला नाही."

आणि मग काहीच झालं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. उत्कर्षा गाडीत पेंगू लागली. डोंगरामागे एक पांढरा ढग उभा राहिला, मग त्याच्या पोटाला करडा रंग चढला. आयुष्यात इतक्या सहली बसवलेले श्यामराव पुन्हा पुन्हा ढगाकडे आणि दोराकडे बघू लागले. सगळं जुळवलं होतं, चंद्र, जागा, ऊन, आमिष. पण ज्याच्यासाठी पडदा वर गेला, ते पात्रच येत नव्हतं. उद्या-परवा हा माणूस जाणार. दुसरा प्रयोग नाही.

"मेश्राम," लिमये हळूच म्हणाले, "तो ओंडका आज सुट्टीवर दिसतोय."

तोंडातलं वाक्य संपतंय तोच काठी वाकली.

लिमये उभे राहिले. गुडघ्यांचं त्यांना भानच राहिलं नाही. दोर रेघ ओलांडून तांबड्या पाण्यात सरसरत गेला, काठीचं टोक पाण्याला टेकलं, आणि पृष्ठभागाखाली काही तरी लांब, सोनेरी वळलं. "मेश्राम! मेश्राम, हा ओंडका नाही!" असं सदाशिव पेठेत कधीही कुणी ऐकलं नसेल अशा आवाजात लिमये ओरडले. उत्कर्षा गाडीतून धावत आली. आणि तेवढ्यात दोर सैल पडला. खडशी गोळी घेऊन गेली होती.

लिमये धापा टाकत होते. चष्मा नाकावर घसरलेला, चेहऱ्यावर शाळकरी पोराचं हसू. त्यांनी दोर ओढून घेतला, पुन्हा गोळी लावायला श्यामरावांच्या पुढे केला, आणि पहिल्यांदाच तोंड फिरवायला विसरले. दोराच्या टोकाला सुताचा रिकामा फास लोंबत होता.

"गळ कुठे आहे?"

श्यामरावांनी दुसरी गोळी मळायला घेतली.

"मेश्राम, गळ कुठे आहे? निघाला?"

"माळ्यावर. पेटीत."

लिमयांचं हसू गेलं. "म्हणजे सकाळपासून मी दोरा धरून बसलो होतो? इतकी वर्षं माझी आमिषं तुम्ही लावलीत, कधी पाहिलं नाही मी. आणि आज शेवटच्या दिवशी मला फसवलंत?"

"मासा फसवला नाही," श्यामराव म्हणाले. "गोळी खरी होती, ती त्याने खाल्ली. हिसका खरा होता, तो तुम्हाला मिळाला. गळ पाण्याला शिवला नाही. यापेक्षा जास्त मला जमलं नाही हो, लिमये."

ढग गडगडला. लिमये त्या रिकाम्या फासाकडे बघत उभे होते. मग सावकाश खाली बसले, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"आमच्या चिरंजीवांनी कोजागिरीनंतर असा शब्द दिला होता," ते म्हणाले. "त्यापेक्षा तुमचा शब्द बरा. निदान तिथी तरी पाळतो." त्यांनी दोर पुढे केला. "लावा दुसरी. आणि हिंग जरा जास्त घाला, पाहुणी चांगल्या घरची आहे."

तोंड मात्र त्यांनी फिरवलं नाही. श्यामराव सूत कसं गुंडाळतात ते बघत राहिले, आणि तिसरी गोळी त्यांनी स्वतःच्या हाताने बांधली, वेडीवाकडी. खडशी पुन्हा आली. एकदा नाही, पाऊस येईपर्यंत येत राहिली. दर हिसक्याला लिमये "आली, आली!" म्हणत होते आणि दर वेळी ती गेल्यावर, "भेट झाली." हत्तीने सोंड उचलली तेव्हा तिघेही चिंब भिजत गाडीकडे पळाले, लिमयेसुद्धा, श्यामरावांच्या खांद्यावर भार टाकून.

गाडीतून उतरताना लिमयांनी पितळी डबी श्यामरावांच्या खिशात घातली. "तिकडे विमानतळावर संशयास्पद पदार्थ म्हणून काढून घेतील," ते म्हणाले. "तुमच्याकडे राहू दे." मागे न बघता ते जिना चढून गेले.

सर्वपित्रीला त्यांचं विमान गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी वारा फिरला. विश्रांतवाडीच्या चौकात श्यामरावांनी वर पाहिलं तेव्हा विमान उतरत होतं. "उतरलं," ते म्हणाले. पण घरी जाऊन सांगायला त्या दिवशी त्यांनी थोडा वेळ लावला.

कोजागिरी झाली, पेटी माळ्यावरून खाली आली, आणि नंतरच्या रविवारी श्यामराव पौडच्या पुढे त्याच ओढ्यावर गेले. परतल्यावर हिराबाईंनी रश्शाची तयारी केली आणि संध्याकाळी फोन वाजला. तिकडे सकाळ होती.

"काय मिळालं?" लिमयांचा आवाज. ना नमस्कार, ना खुशाली.

"दोन चिलापी, एक रोहू."

"आणि आपला ओंडका?"

"आला होता. गोळी खाऊन गेला."

"गेला? अहो, आता तर गळ होता ना?"

श्यामरावांनी एकदा हिराबाईंकडे पाहिलं. "माझ्या काठीला होता," ते म्हणाले. "तुमच्या काठीला नव्हता. तुमची काठी शेजारी लावली होती, सुताची. तो तिकडेच आला."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"हिंग कुठला घातलात?" लिमयांनी विचारलं.

"तुमच्या डबीतलाच."

"हुं," लिमये म्हणाले. "पुरवून वापरा."